परीराणीचं रान

"लोकांना स्वप्नं पडतात, मी ती छापणार आहे," असं नकाशेकाकांनी थ्रीडी प्रिंटरचं खोकं फोडतानाच जाहीर केलं. पहिलं स्वप्न छापायला यंत्राला नऊ तास लागले आणि ते उंदरानं कुरतडलेल्या सुतळीच्या गुंड्यासारखं निघालं. काकू म्हणाल्या, "असली स्वप्नं मलाही पडतात. पित्त झालं की."

काका खचले नाहीत. रविवारी चिमुकल्या मूर्ती करणाऱ्यांच्या छंदमंडळाचं प्रदर्शन होतं आणि मोठ्या टेबलावर नव्या माणसासाठी एकच जागा होती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढलेल्या माणसाला निदान एकदा स्वतःच्या मनातलं काहीतरी चारचौघांत मांडायचं होतं.

बुधवारी जमलं. प्लॅस्टिकची तार वितळत, थरावर थर चढत बोटभर परीराणी उभी राहिली. हात आभाळाकडे, पंख पसरलेले. आणि हातांखाली, पंखांखाली, सगळीकडून केसासारख्या फांद्यांचं दाट रान! काकांनी रान मागितलं नव्हतं. यंत्राला सुचलं असेल. शिवाय नोकरीतला शिरस्ता होता: नकाशात आलेली रेघ आपल्या मर्जीनं खोडायची नाही.

मग काका त्या रानात शिरले ते तीन दिवस बाहेर आलेच नाहीत. तीन केसांच्या कुंचल्यानं त्यांनी खोडांवर शेवाळ चढवलं, फांद्यांच्या टोकांना पहाटेचा उजेड लावला. जेवताना घास हातातच राही आणि ते कुठल्याशा पायवाटेनं निघून जात. एकदा रंगाच्या पाण्याचा घोट घेऊन, आज चहा झकास झालाय, म्हणाले.

काकूंनी भिंगातून पाहिलं. "अहो, राणी कुठाय?"

"आत आहे. शोधावी लागते."

"आणि तिला रंग?"

"ती सावलीत आहे," काका रानातूनच बोलले.

रविवारी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, एकेक मूर्ती तपासत आले आणि काकांच्या रानाशी थबकले. डॉक्टरांनी मूर्ती उजेडाकडे धरली आणि मायेनं म्हणाले, "काका, टेकू काढायचे राहिलेत." छापताना अधांतरी हात गळतात, म्हणून यंत्र खालून टेकू देतं, ते नंतर मोडून टाकायचे असतात, असं त्यांनी समजावलं. समजावता समजावता सवयीनं खिशातून चिमटा काढला, अजिबात दुखणार नाही म्हणाले, आणि कट्कन सगळं रान मुळासकट उपटलं.

उरली ती राखाडी, कोरी राणी. दोन्ही हात वर, शरण आल्यासारखी. ही काही मोठ्या टेबलावर जायची नाही, हे काकांनाही दिसत होतं.

काकूंना राहवलं नाही. "डॉक्टर, आमचा माणूस तीन दिवस त्या रानात राहिलाय. नीट बघा तरी."

डॉक्टरांनी उपटलेल्या रानाला भिंग लावलं. बघता बघता त्यांचा चेहरा सैलावला. तेही पायवाटेला लागले असावेत. काकांच्या डोळ्यांपुढे मोठं टेबल पुन्हा सजू लागलं. अखेर डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं, काकांचा हात हातात घेतला आणि गहिवरून म्हणाले,

"काका, हे रान तुम्ही टाकणारच असाल, तर मला द्याल? दवाखान्यातल्या टाकीत माशांना लपायला काहीच नाही हो."