हरेश्वरकाकांचा उलटा हात

आमच्या मजल्यावरचे हरेश्वरकाका कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर आलात की तुमच्या मोबाइलला उलटा हात लावतात आणि डॉक्टरचा चेहरा करून सांगतात, "तापलाय. जास्त दिवस नाय काढायचा." माझ्या फ्रिजचं, मिक्सरचं, इन्व्हर्टरचं मरण त्यांनी कधीच वर्तवून ठेवलंय. अजून एकही मेलेलं नाही, पण काकांना त्याचं काय!

गोखिवऱ्याला त्यांचं वर्कशॉप आहे. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सिरॅमिकची भुकटी मिसळून ते कारखान्यातल्या यंत्रांसाठी प्लेटा बनवतात. प्लेटेने यंत्राची उष्णता ओढायची आणि बाहेर टाकायची, एवढंच. पण 'एवढंच' म्हणायची सोय नाही. "एवढंच? वहिनी, नुसता धातू तापला का फुगतो, नुसतं सिरॅमिक तडकतं. दोघांचा संसार लावायला अक्कल लागते!" हे मी बारशात ऐकलंय, साखरपुड्यात ऐकलंय आणि एका मयतालाही ऐकलंय.

"उष्नता अडवायची नाय, तिला वाट द्यायची," हा त्यांचा मंत्र. त्यापायी घरात राउटरखाली प्लेट, टीव्हीच्या डब्याखाली प्लेट, चहाच्या कपाखालीसुद्धा प्लेट. त्यांच्याकडे गरम चहा प्यायलेला माणूस मला अजून भेटायचाय. माझा पोळ्यांचा कॅसरोल बघून तर ते भडकलेच. "हा उष्नतेचा तुरुंग आहे, वहिनी. फेका!" मी कशाला फेकतेय? त्यांनी मात्र घरी जाऊन स्वतःचा फेकला. सुमनकाकू नुसत्या हसल्या. धन्य ती बाई!

गेल्या उन्हाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, एकेक घास गिळायला वेळ लागू लागला. काकांनी वर्कशॉप कामगारांवर सोपवलं आणि घरी बसले.

परवा दुपारी मी आमटी घेऊन गेले, तर काका त्यांना पेज भरवत होते. चार चमचे गेले आणि काकूंनी तोंड फिरवलं.

"थंड झाली का खातच नाय ती," काका म्हणाले. "पोटात नाय गेलं तर नाकातून नळी घालायची, डॉक्टर बोललेत. तिला नळीचं लय भ्याव वाटतं."

मी वाटी उचलली. खाली त्यांची लाडकी प्लेट!

"अहो काका, पेज काकू नाही, तुमची प्लेट खातेय!"

बोलून गेले आणि जीभ चावली. काका प्लेटेकडे बघतच राहिले. "सवयीनं ठेवली गं," एवढंच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'वहिनी' सोडून 'गं' म्हटलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, नजर पायपुसण्यावर.

"वहिनी, तुमचा तो तुरुंग जरा द्याल?"

माझ्याकडे टोमण्यांना काय तोटा! पण ते राहू दिले. मी कॅसरोल धुऊन, पुसून त्यांच्या हातात दिला.

थोड्या वेळाने हवं-नको बघायला गेले. दार उघडंच होतं. काका दर घासाला झाकण उघडत होते, आतल्या वाटीला उलटा हात लावत होते आणि लगेच झाकण लावून चमचा पुढे करत होते.

"गरम हाय गं सुमन. अजून गरम हाय."

काकूंनी तोंड उघडलं.