तांबूची तोंडी परीक्षा

मुलांनो, जरा कल्पना करा. कल्पना करणं म्हणजे इमॅजिन करणं. घाबरू नका, सोपं असतं. कल्पना करा की तुमचं वय झालं आहे. गुडघे दुखतात, तोंडावरचे केस पिकले आहेत, एका डोळ्यात ढग उतरला आहे. तुम्हाला राहायला घर हवं आहे आणि ते मिळण्यासाठी एक परीक्षा द्यायची आहे. अभ्यासक्रम फार नाही. बसणे, झोपणे आणि बोलावल्यावर येणे. तिन्ही गोष्टी तुम्ही आयुष्यभर उत्तम करत आला आहात. अडचण एवढीच, की परीक्षा इंग्रजीत आहे आणि तुम्ही कुत्रा आहात.

आता त्या कुत्र्याचं नाव तांबू ठेवा, म्हणजे आपण गोष्टीला लागू.

तांबू देवळ्याकडचा. तिथे देवराम नावाच्या शेतकऱ्याच्या कांदा साठवायच्या चाळीवर त्याने राखण केली. देवराम वारला तेव्हा मुलांनी कुठलंही भांडण न करता वाटण्या केल्या, गावाने कौतुक केलं. थोरल्याला विहीर गेली, मधल्याला ट्रॅक्टर, धाकट्याला चाळ. तांबू कोणाच्याच वाट्याला आला नाही. मग एके दिवशी तो कांद्याच्या टेम्पोत बसून नाशिकला आला. कांदे विकले गेले, तो राहिला.

पेठ रोडला, घरं विरळ होत जातात तिथे, 'सवंगडी श्वाननिवारा' नावाची संस्था होती. तिने त्याला ठेवून घेतलं. पण आता जागेच्या मालकाला तिथे लग्नाचं लॉन्स काढायचं होतं, आणि माणसांची लग्नं ही निकडीची गोष्ट असल्यामुळे निवाऱ्याने जागा खाली करायचं ठरवलं. कुत्री एकेक करून घरोघर गेली. आधी पिल्लं गेली, मग जातिवंत गेली, मग ज्यांच्यात जातिवंताचा काही अंश असावा असा संशय होता ती गेली. उरला तांबू. येत्या रविवारी संध्याकाळी फाटकाला कुलूप लागणार होतं. तोवर घर मिळालं नाही, तर तांबूला 'नैसर्गिक अधिवासात सन्मानपूर्वक मुक्त' करण्यात येणार होतं. म्हणजे हायवेच्या कडेला सोडणार होते.

अशा वेळी किशोर आपल्या वैष्णवीला घेऊन निवाऱ्यात आला. किशोर अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. तोही मूळचा देवळ्याकडचाच, पण ही बातमी त्याने पाथर्डी फाट्यावरच्या आपल्या सोसायटीत फारशी फुटू दिली नव्हती. वैष्णवी चौथीत होती. तिने जाळीतून तांबूकडे पाहिलं, तांबूने तिच्याकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, "पप्पा, हाच."

किशोर जाळीसमोर उभा राहिला आणि त्याला ते झालं, जे आपल्याकडे सगळ्यांनाच होतं. आपला माणूस भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करतो, बायकोशी मराठीत भांडतो, देवाला नवसही मराठीतच बोलतो. मांजर दिसली तर शुक शुक करतो. पण कुत्रा दिसला, आणि त्यातून तो घरात ठेवण्याजोगा असला, की माणसाच्या तोंडातून इंग्रजी गळायला लागतं. किशोर इंग्रजी दोघांशीच बोलत असे, कारखान्यातल्या मोठ्या साहेबांशी आणि लोकांच्या कुत्र्यांशी. त्यामुळे दोन्हीकडची वाक्यं एकमेकांत मिसळून गेली होती.

"सिट," तो म्हणाला.

तांबू उभाच राहिला.

"प्लीज सिट, सर."

"सर नका म्हणू हो, डॉग कन्फ्यूज होतो," संध्या मॅडम म्हणाल्या. त्या निवाऱ्याच्या अध्यक्षा. "आणि तुम्हाला आधीच सांगते, याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. आमची दत्तकपूर्व चाचणी असते ना, त्यात हा प्रत्येक वेळी नापास आहे."

"कुत्र्याची चाचणी?" किशोरने विचारलं.

"पूर्वी फॅमिलीची घ्यायचो. पण फॅमिली नापास झाली की देणगी देत नाही. डॉग तक्रार करत नाहीत." मॅडमनी सुस्कारा सोडला. "आम्हाला वाटलं, बहिरा असेल. डॉक्टरांना दाखवलं, तर कान ठणठणीत! म्हणजे प्रश्न डोक्याचाच आहे."

वैष्णवी जाळीशी वाकली. "बस रे, तांबू."

तांबू बसला.

"झोप बरं." तांबू झोपला. "ये इकडे." तांबू कण्हत उठला, लंगडत जाळीपर्यंत आला आणि त्याने आपलं नाक तिच्या बोटांना लावलं.

 मग संध्या मॅडम हळहळून म्हणाल्या, "अरेरे. मराठी मीडियम!"

"पण त्याला सगळं येतं की," वैष्णवी म्हणाली.

"येतं गं बाळा, पण ते धरत नाहीत. उद्या तुम्ही त्याला गार्डनमध्ये न्याल. तिथे सगळे डॉग इंग्लिशमधले. हा बिचारा एकटा पडेल. त्याचा आत्मविश्वासच जाईल."

किशोरने बायकोला व्हिडिओ कॉल लावला. उज्वलाने तांबूला नीट पाहून घेतलं. तिला तो आवडलाही. पण माध्यम कळल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, मी काय गार्डनमध्ये सगळ्यांसमोर 'ये रे तांबू' म्हणून हाका मारू? कामवाल्या मावशी मारतात तशा? सेक्रेटरींचा लॅब्रॅडॉर असतो तिथे. नाव आपण टँगो करू, पण बाकीचं काय?"

संध्या मॅडम फाईल आणायला आत गेल्या. वैष्णवी पाणी प्यायला गेली. किशोर एकटाच जाळीशी राहिला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि त्याचा बाप रानातून कुत्र्याला हाक मारायचा तशी, अगदी ओठातल्या ओठात, अहिराणीत हाक मारली. "आठे ये रे, भो."

तांबूचे कान ताठ उभे राहिले. त्याची शेपटी जाळीवर थाडथाड आपटू लागली. जाळीचा आवाज पार ऑफिसपर्यंत गेला.

"काय झालं?" मॅडमनी आतून विचारलं.

"काही नाही," किशोर दचकून म्हणाला. "खोकला आला."

तोडगा निघाला. रविवारी शेवटची चाचणी घ्यायची आणि तोवर तांबूला खास शिकवणी लावायची. कॉलेज रोडला 'सॅम सर' यांचा श्वानसंस्कार वर्ग होता. सॅम सर निवाऱ्यात येऊन शिकवायला तयार झाले. त्यांनी पहिल्याच दिवशी पालकांची सभा घेतली.

"एकच कंडिशन," सॅम सर म्हणाले. "याच्याशी कोणीही मराठी बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही. माहौल पाहिजे, माहौल. आपोआप गोडी लागते."

"अगदी बरोबर," उज्वला म्हणाली. "आमच्या वैष्णवीच्या शाळेतही हेच सांगितलं होतं. तिला इतकी गोडी लागली!"

"मला नव्हती लागली, मम्मी," वैष्णवी म्हणाली. "मी दिवाळीपर्यंत शाळेत कोणाशी बोलतच नव्हते."

"आणि आता बघा," उज्वला सॅम सरांना अभिमानाने म्हणाली, "किती फाडफाड बोलते."

शिकवणी सुरू झाली. सर 'सिट' म्हणत आणि तांबूची कंबर दाबत. कंबरेत त्याला संधिवात होता. तो विव्हळला की सर म्हणत, "गुड, रिस्पॉन्स आहे." मग बिस्किट देत. तांबू बिस्किट खाई आणि सरांच्या तोंडाकडे बघत राही. हा माणूस काही वाईट नाही, पण याला नक्की काय हवंय ते बिचाऱ्याला सांगता येत नाही, असं काहीसं त्या नजरेत होतं.

किशोर कारखाना सुटल्यावर रोज वैष्णवीला तिथे आणत असे. तिला आता तांबूशी मराठीत बोलायची बंदी होती. ती जाळीला पाठ लावून गप्प बसायची. पलीकडून तांबू तिच्या पाठीला पाठ लावून गप्प बसायचा. आधी तो माणूस दिसला की शेपटी हलवायचा, ते बंद झालं. मग भुंकणं बंद झालं. मग नुसता पडून राहू लागला. सरांनी लेखी अहवाल दिला, 'विद्यार्थी शांत झाला असून वर्तनात उल्लेखनीय सुधारणा आहे.'

कारखान्यात एखाद्या मशीनचा आवाज येईनासा झाला तर ती बंद पडलेली असते, एवढं किशोरला कळत होतं. पण हे शिक्षणक्षेत्र होतं. तिथे त्याने तोंड उघडलं नाही. एकदा मात्र त्याने सरांना सहज विचारलं, "सर, तुम्ही कळवणचे का? बोलण्यात जरा आपल्याकडचा हेल वाटतो."

सॅम सरांचं खरं नाव सोमनाथ होतं. त्यांनी तांबूकडे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं. "नो मराठी प्लीज," ते म्हणाले. "क्लास चालू आहे."

रविवार उजाडला. एका बाजूला मंडपवाल्यांची माणसं नवरा-नवरीचं स्टेज कुठे येईल ते दोरी लावून पाहत होती. दुसऱ्या बाजूला परीक्षेच्या खुर्च्या मांडल्या होत्या. संध्या मॅडम पेन काढून बसल्या. सोसायटीचे सेक्रेटरी मनोधैर्य वाढवायला म्हणून आपल्या लॅब्रॅडॉरसकट आले होते. लॅब्रॅडॉर सारखा बसत होता, उठत होता, कोणी सांगितलं नसतानाही हात पुढे करत होता. उज्वलाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तिचा जीव खालीवर झाला.

नियम असा होता, की कुटुंबातल्या एकाने उमेदवाराशेजारी उभं राहायचं, पण बोलायचं नाही. वैष्णवी उभी राहिली.

"सिट," सॅम सर म्हणाले.

तांबूने सरांकडे पाहिलं. मंडपवालेही काम थांबवून बघू लागले. आणि वैष्णवी खाली बसली. सरळ मातीत, मांडी घालून. तांबूने तिच्याकडे वळून पाहिलं. शेजारचं माणूस बसलं की आपण बसावं, ही चाळीवरची रीत त्याला पाठ होती. तो बसला.

"डाऊन," सर म्हणाले. वैष्णवी आडवी झाली. तांबूही आडवा झाला.

"अगं, नवा फ्रॉक!" उज्वला पुटपुटली.

"हे चालतं का?" सेक्रेटरींनी विचारलं.

संध्या मॅडमनी नियमावली उघडली, मिटली. "उमेदवाराने आज्ञा पाळली आहे. कोणाला बघून पाळली, याला गुण नाहीत," त्या म्हणाल्या. "आपल्या शाळांतही तसंच असतं. पण शेवटचा प्रश्न मुलीशिवाय होईल. 'कम'. कुटुंबप्रमुखाने बोलवायचं. तीन संधी."

वैष्णवीला बाजूला उभं केलं. तांबू पलीकडच्या भिंतीशी एकटा राहिला. किशोर मधोमध आला.

"कम," तो म्हणाला.

तांबूने मान उचलली.

"एक," संध्या मॅडम म्हणाल्या.

"कम. कम हिअर, सर." लॅब्रॅडॉर धावत आला आणि किशोरच्या पायाशी बसला. त्याला ओढून मागे नेलं. तांबू जागेवरच होता, पण नजर किशोरवरून काढत नव्हता. वाट बघत होता.

"दोन. शेवटची संधी आहे, किशोरराव. विचार करून बोला."

किशोरने विचार केला. शब्द ओठांवर आलेच होते. चारच शब्द, बापाचे. ते उच्चारले असते तर तांबू तीन पायांवरसुद्धा आला असता. चाचणी बुडाली असती, पण कुत्र्याला उचलून घरी न्यायला कोणाची परवानगी लागत होती? फाटक उघडं होतं. गाडी बाहेर उभी होती. पण उज्वला बघत होती, सेक्रेटरी बघत होते, त्यांचा लॅब्रॅडॉर बघत होता.

किशोरने घसा साफ केला. "कम," तो म्हणाला, आणि या वेळी उच्चार खरोखर सुरेख जमला.

तांबूने मान पुन्हा पंजांवर टेकवली.

संध्या मॅडमनी शेरा लिहिला आणि पेनाला टोपण लावलं. सॅम सरांनी उरलेली बिस्किटं पिशवीत भरली. सेक्रेटरी म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. माझ्या ओळखीत एक पिल्लू आहे, घरात सगळे इंग्लिशच बोलतात." उज्वलाने डोळे पुसले. तिला खरंच वाईट वाटलं होतं. आता घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

तेव्हा वैष्णवी चालत पलीकडे गेली आणि भिंतीशी तांबूच्या शेजारी जाऊन बसली.

"वैष्णवी, कम," किशोरने हाक मारली. "वी आर गोइंग."

वैष्णवीने मान उचलून बापाकडे पाहिलं. जागची हलली नाही.

"कम हिअर, बेटा! लुक, मम्मी इज वेटिंग."

वैष्णवी बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, हट्ट नव्हता. समोरचा माणूस चांगला आहे, पण तो काय म्हणतोय ते कळत नाही, असं काहीसं होतं.

"अहो, हिला काय झालं?" उज्वला घाबरून म्हणाली. "हिला तर येतं ना इंग्लिश!"

संध्या मॅडमच्या हाताला सवय होती. त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "दोन झाल्या," त्या म्हणाल्या. "किशोरराव, एक संधी उरली आहे."

किशोरने तोंड उघडलं.

वैष्णवी तांबूसारखीच मातीत पालथी पडली, हनुवटी हातांवर टेकली, आणि बापाकडे कान लावून वाट बघू लागली.