मन्मथअप्पांचा कुकर फुलबॅक खेळतो

धारूरच्या बाजारपेठेत मन्मथअप्पांच्या भांड्यांच्या दुकानात तुम्ही कुकर घ्यायला गेलात, तर भाव विचारण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. तो आज खेळतोय का?

मी थट्टा करत नाही. मागच्या लग्नसराईत एक बाई लेकीच्या रुखवतासाठी कुकर घ्यायला आली. दुकानाच्या मधोमध सतरंजीवर भांडी मांडलेली. बाईनं नेमका मधलाच कुकर उचलला. देव्हाऱ्यातली मूर्ती कुणी हलवावी तसा अप्पांनी चेहरा केला आणि हळूच म्हणाले, "ताई, त्यो खाली ठिवा. त्यो फुलबॅक हाय."

"आमाला पाच लिटरचा पायजे," बाई म्हणाली.

"पाच लिटरचाच हाय. पर आत्ता कॉर्नर पडलाय. कॉर्नर हुंद्या, मंग न्या."

बाई कॉर्नर होईस्तोवर थांबली. मग हाफटाइमपर्यंत थांबली. शेवटी समोरच्या दुकानातून कुकर घेऊन परत आली आणि पायरीवरूनच म्हणाली, "अप्पा, तुमचा गोलकीपर लई पुढं आलाय." अप्पांनी पाहिलं, तर परात खरंच पुढं सरकली होती. त्या बाईला त्यांनी एक चमचा-सेट फुकट दिला. गिऱ्हाईक गेलं याचं त्यांना काही वाटलं नाही, गोल वाचला होता.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्यामुळे अप्पा मला 'झेरॉक्स' म्हणतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक असेल असं वाटत नाही, आणि आता मलाही सांगायचा कंटाळा येतो.

तर हा सतरंजीवरचा सामना म्हणजे आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाची जिल्ह्याची फायनल. अप्पा कॉलेजात होते तेव्हाची. आता तुम्ही म्हणाल, धारूर आणि फुटबॉल? का नाही? मैदान होतं. फक्त ते डोंगराच्या उतारावर होतं. वरच्या बाजूच्या गोलवर मारायचं म्हणजे घाट चढायचा, आणि खालच्या बाजूच्या गोलवर नुसतं बॉलला सांगितलं तरी जायचा. एकदा बॉल जो घाटाखाली गेला तो गेलाच. पुढच्या आठवड्यात वडवणीच्या बाजारात कलिंगडांच्या ढिगात दिसला, आणि विकणारी बाई तो ठोकून ठोकून दाखवत होती म्हणे, गोड निघंल म्हणून.

त्या फायनलमध्ये सामना बरोबरीत सुटला. निकालासाठी नाणं उडवलं, तर नाणंही उतारावरून घरंगळत जे गेलं ते अजून सापडलेलं नाही. म्हणून अप्पांच्या मते फायनल अजून चालू आहे, आणि आमच्या कॉलेजच्या इतिहासातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, हा प्रश्नही त्यामुळे अजून चालूच आहे.

उमेदवार दोनच. अप्पांचा माणूस गफूर. डाव्या पायानं बॉल मारायचा. त्याची किक इतकी जोरात की बॉल आधी जाळीत जायचा आणि लाथ मारल्याचा आवाज मागून यायचा. त्या फायनलमधला आपला एकुलता एक गोल त्याचा. दुसरा उमेदवार तलवाड्याचा अंकुश, फुलबॅक, म्हणजे तो कुकर. त्याच्याबद्दल असं सांगतात की मैदानात एकदा उधळलेली बैलगाडी शिरली, समोर अंकुश उभा होता, आणि बैलांनी विचार करून गाडी वळवली.

अंकुशची बाजू लढवायचे किसन साळवे. एसटीचे रिटायर कंडक्टर. त्यांनी धारूरच्या स्टँडवर "केज, केज" म्हणून हाक दिली की केजच्या स्टँडवरची माणसं पिशव्या उचलायची, असा आवाज. शिवाय ते त्या फायनलमध्ये स्वतः हाफबॅक खेळलेले. अप्पा संघात होते, पण राखीव. "काठावरून जेवडं दिसतं तेवडं आत पळणाऱ्याला दिसत न्हाई," असं त्यांचं त्यावर म्हणणं.

रोज चार वाजता साळवे दुकानाच्या पायरीवर यायचे आणि वादाला तोंड फुटायचं.

"मन्मथ्या, गफूरनं एक गोल मारला. अंकुशनं किती आडिवले त्ये मोज की."

"आडवायला भिंत पन आडविती. भिंतीला कुनी मोठा खेळाडू म्हंतं का बे?"

"आन ही गाळणी कोन?"

"तू हायस."

"मी गाळणी? कावून?"

"सगळे बॉल तुज्यातून पार व्हायचे."

मग साळवे उठून जायचे. स्टँडपर्यंत जायचे, एक चहा प्यायचे आणि परत यायचे. रस्त्यात त्यांना मुद्दा सुचलेला असायचा.

अप्पा एका बाबतीत मात्र फार कडक. मतभेद चालेल, तपशील चुकला की संपलं. "फुटबॉल खेळा, इतिहासाशी खेळू नका," हे त्यांचं वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी ते झोपेत बोलतो, अशी आमच्या घरची तक्रार आहे. कॉलेजच्या एका समारंभात पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की गफूरनं तो गोल डोक्यानं मारला. अप्पा मागच्या रांगेतून उठले. "सायेब, गफूरला डोकं न्हवतं. डावा पाय व्हता." सभेत हशा पिकला, पण अप्पा हसले नाहीत. पाहुण्यांनी चूक दुरुस्त करेपर्यंत ते उभेच राहिले, आणि ते उभे आहेत हे पाहून राष्ट्रगीत सुरू होणार असं समजून निम्मी सभा उभी राहिली.

आणि मग या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला, साळव्यांना लकव्याचा झटका आला.

उजवा हात गेला, पाय थोडा गेला, आणि जीभ गेली. आंबेजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, की जीभ येईल. पण यांनी स्वतः बोलायचा प्रयत्न केला तरच. जितका उशीर कराल तितकं अवघड होत जाईल. साळव्यांनी पहिल्या दिवशी प्रयत्न केला. 'पाणी' म्हणायला गेले आणि तोंडातून भलतंच काहीतरी आलं. खोलीतलं कुणीतरी नकळत हसलं. झालं. ज्याची हाक केजला ऐकू जायची त्या माणसानं तोंड मिटलं ते मिटलंच. पाणी हवं असलं की बोट दाखवायचे.

अप्पा दोन दिवस दुकानात नुसते बसून होते. भांडी फळीवर, सतरंजी गुंडाळलेली. त्या दोन दिवसांत त्यांच्याकडून दोन कुकर विकले गेले, त्यावरून काय ते समजा.

तिसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी शटर ओढलं, पोत्यात परात, कुकर, तांबे, गाळणी कोंबली आणि पोतं माझ्या खांद्यावर दिलं. "चल झेरॉक्स." पेठेतून आम्ही असे खडखडत निघालो, की लोकांना वाटलं अप्पांनी जुन्या भांड्यांची मोड विकायला काढली.

"जय भीम वयनी," अप्पा साळव्यांच्या दारातून म्हणाले.

"या अप्पा," साळवे वहिनी म्हणाल्या.  पोत्यातून भांडी निघताना पाहून त्यांनी खाटेसमोरची जागा झाडून दिली.

अप्पांनी सामना मांडला. साळवे खाटेवर उशीला टेकून बसलेले, नजर खिडकीबाहेर. अप्पांनी लिंबू घेतलं (बॉल लिंबाचा असतो, हे सांगायचं राहिलं) आणि सुरू केलं. "तर गफूरकडं बॉल आला. आन गफूरनं उजव्या पायानं…"

"अप्पा, डाव्या," मी म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दुकानाचं भाडं थकवलंय. पुढं म्हणाले, "उजव्या पायानं. आन अंकुश तवा पानी प्यायला भाईर गेलता."

मी मनात म्हटलं, एकाला लकवा झाला आणि दुसऱ्याचं डोकं गेलं, एका महिन्यात दोन माणसं. परत येताना मी काळजीनं म्हणालो, "अप्पा, तुम्ही डॉक्टरला दाखवा. डावा पाय तुम्ही विसरलात."

अप्पा भररस्त्यात थांबले. "लेका, तुला कुनी इचारलं? तुजी जीभ चालती, मला म्हाईत हाय. मला त्येची चालवायचीय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. साळव्यांनी आजवर अप्पांचं एक वाक्य खोडल्याशिवाय सोडलेलं नव्हतं. पाण्यासाठी तोंड उघडणार नसेल, तर तो माणूस खोटं खोडायला उघडेल.

मग सुरू झाला खोटेपणाचा असा मोसम, की निवडणुकीतल्या उमेदवारांनी शिकवणी लावावी. अप्पा रोज नवी थाप आणायचे. अंकुशला बॉलची भीती वाटायची. अंकुश तलवाड्याचा नव्हताच. अंकुशनं एक गोल आपल्याच जाळीत मारलता आन वर नाचला. साळव्यांचे कान लाल व्हायचे. नाकपुड्या फुगायच्या. एकदा त्यांनी उजव्या, लुळ्या पायानं तांब्या असा उडवला की तो थेट वहिनींच्या चुलीपाशी गेला. अप्पा खूश. "आयला, पाय आला." पण शब्द काही येईना. ओठ हलायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची, आणि त्या दिवशीचं हसू आठवल्यासारखे साळवे पुन्हा तोंड मिटायचे.

असे बरेच दिवस गेले. थापा संपत आल्या. अप्पा दुकानात बसून खोट्याचा विचार करायचे आणि मला विचारायचे, "झेरॉक्स, काई तरी घाण सुचव." खऱ्याचा पुजारी तो, खोटं बोलून बोलून त्याचा चेहरा उतरला होता. वहिनींनी एकदा हळूच सांगितलं, की आता साळवे रागावतही नाहीत, नुसते भिंतीकडं तोंड करून पडतात. डॉक्टरांचं 'जितका उशीर तितकं अवघड' आम्हा तिघांनाही पाठ होतं. कुणी उच्चारत नव्हतं इतकंच.

एका दिवशी असंच साळव्यांचं तोंड भिंतीकडं होतं. अप्पांनी भांडी मांडली नाहीत. पोतं तसंच दाराशी ठेवलं आणि खाटेच्या कडेला बसले.

"किसन्या, आज खरं सांगतो. गफूर बी न्हवं, अंकुश बी न्हवं. सगळ्यात मोठा खेळाडू मी. फायनलला शेवटाला कुनाचा तरी पाय मुरगळला आन मला उतरिवलं. काठावर हुबा व्हतो की मी. समद्यांनी बगितलंय. त्यो गोल गफूरचा न्हाई, मपला हाय."

मला हसू आलं. इतकी मोठी थाप अप्पांना पेलणार नाही असं वाटलं. पण साळव्यांची पाठ हलली. ते वळले. फार वेळ लागला वळायला. मी हात द्यायला उठलो, तर अप्पांनी मला धरून खाली बसवलं.

साळव्यांनी अप्पांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट केले. म्हणजे काहीतरी होतं, पण माझ्यासमोर ते सांगायचं नव्हतं.

"त्येला काय बगतो? मला सांग," अप्पा म्हणाले. "खोटं हाय का? मंग सांग की. झेरॉक्सच्या म्होरंच सांग."

साळव्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडलं, वाकडं झालं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"तू," ते म्हणाले. आणि मग, जणू विहिरीतून घागर ओढतायत, असं, "न्हव… तास."

चुलीपाशी वहिनींच्या हातातली उलथणी तशीच राहिली.

"कुटं न्हवतो?" अप्पांचा आवाज फाटला होता.

"मै… दा… नात. न्हवतास."

"न्हवतो," अप्पा म्हणाले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, पण सांगत मलाच होते. "बापानं दुकानात बशिवलं व्हतं. लग्नसराई व्हती. तितून आरडाओरड ऐकू यायची. गोल झाला हे कळायचं, कुनी मारला त्ये कळायचं न्हाई. सांजच्याला हाच आला, धुळीनं भरलेला, घरी बी न जाता. आन समदी फायनल ह्येनंच सांगितली पायरीवर बसून. म्या बगितली न्हाई, हे ह्येच्याबिगर कुनाला म्हाईत न्हाई."

पेठेत, समारंभात, लग्नाच्या पंगतीत, या माणसानं त्या फायनलवरून भल्याभल्यांना गप्प केलं होतं. आणि साळवे इतकी वर्षं रोज पायरीवर बसून भांडले, हरले, गाळणी झाले, चिडून स्टँडपर्यंत गेले. पण हे एक वाक्य त्यांनी कधी वापरलं नाही. वापरलं असतं तर पहिल्याच दिवशी जिंकले असते.

साळवे बोलून दमले होते, आणि भलतंच लाजल्यासारखे दिसत होते. डाव्या हातानं त्यांनी अप्पांचं मनगट धरलं.

"माफी बिफी मागू नगंस बे," अप्पा म्हणाले. "मला आता काय बी आठवंना. तू सांग. पयल्यापासून."

साळव्यांनी मान हलवली. येणार नाही, जमणार नाही.

"जमंल तसं. मला कुटं जायचंय? दुकान बंद हाय."

साळव्यांनी नजर खिडकीकडं वळवली. मग साळवे म्हणाले, "ऊन."

"लई ऊन व्हतं?"

"ल… ई."

वहिनींनी चहा आणून ठेवला. तो निवला, त्यांनी परत गरम केला, तोही निवला. दिवेलागणीपर्यंत दोन्ही संघ जेमतेम मैदानात उतरले होते. अप्पा जमिनीवर गुडघ्यांना मिठी मारून बसले होते, आणि दर शब्दाला मान वर करून विचारत होते, "मंग? मंग काय झालं?"