साळवे सरांची हजेरी

मोबाईलवरच्या लढाईत जखमी होऊन पडलेल्या विद्यार्थ्याला "प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण केलंस का?" असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या नगरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे साळवे सर. निवृत्तीला आलेले, चष्मा जाड, नेम वाईट.

चौघांनी टोळी करून खेळायचा तो खेळ. मुलं लेक्चरला डुलक्या घ्यायला लागली, तशा आम्ही नोटिसा लावल्या. सरांनी खेळच शिकून घेतला. "पोरं जिथं असतात तिथं हजेरी घ्यायची," म्हणाले. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये त्यांच्या मोबाईलमधून अकोले तालुक्यातला एक पोरगा ओरडायचा, "सर, उचला ना! लई लागलंय!"

"जर्नल?"

"न्हाई झालं अजून."

"मग पडून राहा. आधी जर्नल, मग जीवदान."

आम्ही हसायचो. मी जरा जास्तच. 'शिक्षकाला हे शोभतं का' असं प्राचार्यांना जाऊन विचारणाराही मीच.

आजवर कुणाला सांगितलं नाही, ते सांगून टाकतो. माझा मुलगा अमेय बारावीपर्यंत साळवे सरांकडे शिकला, मग संगमनेरला इंजिनिअरिंगला गेला. याच खेळापायी त्याचे विषय राहिले. मी होस्टेलवर गेलो आणि मित्रांदेखत त्याचा मोबाईल फरशीवर आपटला. त्याच्या आईने नवा घेऊन दिला, पण माझा फोन त्याने परत कधी उचलला नाही. सुट्टीत घरी आला तरी बोलणं आईशीच. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, की मी म्हणायचो, "अभ्यासात आहे."

परीक्षा आली की सरांचा नियम कडक, खेळ बंद. यंदा परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा द्यायला संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पत्नी गेल्यापासून ते एकटेच. एक खुर्ची सोडली तर बाकीच्यांवर वर्तमानपत्रांचे ढीग. समोर मोबाईल उभा केलेला. पडद्यावर सरांचा खेळातला शिपाई, आणि शेजारच्या तीन जागा रिकाम्या.

"काय सर, स्वतःच नियम मोडलात?"

"खेळत नाही हो. कुणी चुकून आलंच, तर माघारी धाडायला बसतो." मग चष्मा पुसत म्हणाले, "आलं कुणी, तर बरंही वाटतं."

तेवढ्यात शेजारी दुसरा शिपाई उगवला.

"उद्या पेपर ना रे? पळ!" सर खेकसले.

"जातो सर. डोक्यात काही शिरेना. म्हटलं तुमच्या शिव्या तरी ऐकाव्यात."

अमेयचा आवाज. किती दिवसांनी ऐकत होतो.

सरांनी माझ्याकडे न बघता मोबाईल माझ्यापुढे सरकवला आणि चहा टाकायला आत निघून गेले.

वर्गात तासन्‌तास बोलणारा मी. पहिलं वाक्य मनात दोनदा घोकून घेतलं.

"अमेय... पप्पा बोलतोय. तुझ्या मित्रांपुढे तसं करायला नको होतं मी." मोबाईल जरा जवळ ओढला. "जेवलास का?"

आत कपबशा वाजत होत्या. मी पडद्याकडे बघत राहिलो.

तो बोलला नाही. पण त्याचा शिपाई तिथून गेलाही नाही.