पहिल्या फेरीत नापास

कपाटांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला एखादी वस्तू आवडली, की तो आधी तिच्यावर ठोकतो. नापासराव लग्नाला गेले तरी खुर्ची ठोकून मगच बसत. हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते कामगारांनी ठेवलं, कारण पहिल्या फेरीत कुठलंच कपाट पास करायचं नाही, हा त्यांचा नेम होता. "पहिल्याच फेरीत पास केला की माल शेफारतो," असं ते म्हणत. आणि दर कपाटात त्यांना एक तरी स्क्रू सैल सापडायचाच. तो आवळून घेतला, की चहानंतरच्या दुसऱ्या फेरीत कपाट पास.

बायकोने एकदा विचारलं होतं, "मग मला बरं पहिल्या फेरीत पास केलंत?"

"तेव्हा मला नोकरी लागायची होती," ते म्हणाले, आणि आपण विनोद केला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

अशा माणसाला घेऊन ती बिचारी वापरलेली मोटरहोम बघत हिंडत होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून परका पलंग आणि परकं बाथरूम तिला जमेनासं झालं होतं, आणि समुद्र बघायचा राहून गेला होता. आधी त्यांना रजा नव्हती, मग मुलीच्या परीक्षा होत्या, मग गुडघे. "स्वतःचं बाथरूम बरोबर नेता आलं, तर मी कुठवरही येईन," ती म्हणायची. आधीच्या सहा गाड्या नापासरावांनी निकालात काढल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या होत्याही तशाच. ही सातवी होती.

गाडी एका दातांच्या डॉक्टरांची होती आणि दवाखान्यामागच्या अंगणात उभी होती. पाहता क्षणी बायको म्हणाली, "अगंबाई, ही घरगाडी आपल्या घरापेक्षा चांगली आहे!" डॉक्टरांनी किल्ली हातात दिली. "काका, काकू, निवांत बघा. मला एक अक्कलदाढ काढायचीय."

नापासरावांनी बाह्या सरसावल्या. छताच्या कोपऱ्यांना हाताची मागची बाजू लावून ओल बघितली. जमीन कुठे दबते का म्हणून टाचा आपटत या टोकाहून त्या टोकाला गेले. खिडक्यांची रबरं चिमटीत धरून ओढली, बिजागऱ्यांना कान लावले आणि मग भिंती ठोकायला सुरुवात केली. पाच मिनिटांत डॉक्टरांनी दवाखान्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काका, जरा हळू! पेशंटला वाटतंय मीच ठोकतोय!"

तासाभराने नापासरावांचा चेहरा उतरला. एकही दोष सापडत नव्हता. ज्या माणसाला दर कपाटात सैल स्क्रू सापडायचा, त्याला एवढ्या मोठ्या गाडीत काही सापडू नये? ते बाहेरच्या बाजूने बघायला गाडी आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या बोळात शिरले. या गाडीची एक चैन अशी होती, की बटण दाबलं की बैठकीची अख्खी बाजू हातभर बाहेर सरकून आतली खोली ऐसपैस व्हायची. बायकोला ते बटण दिव्याचं वाटलं.

"अगं! अगं, थांबव!"

"काय थांबवू?"

"खोली! खोली अंगावर येतेय!"

"कुठलं बटण?"

"आत्ता दाबलंस तेच!"

तिने तेच दाबलं, म्हणजे खोली आणखी चार बोटं पुढे आली. मग डॉक्टर हातात चिमटा घेऊन धावत आले आणि त्यांच्या मागून तोंडात कापसाचा बोळा धरलेला पेशंटही आला. तो बोळ्यातून "अे अे" असं काहीतरी ओरडत शेजारच्या बटणाकडे बोट दाखवत होता. योग्य बटण तेच होतं, पण हे कळायला दहा मिनिटं गेली. तोवर नापासराव गालासकट गाडीच्या सांध्याला चिकटून उभे होते. इतक्या जवळून त्यांनी आयुष्यात कुठलाच सांधा बघितला नव्हता, आणि त्यात केसभर फट नव्हती. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये चेपलेल्या अवस्थेत नापासराव त्या गाडीच्या प्रेमात पडले.

सुटका झाल्यावर ते पुन्हा आत आले, आणि स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणाची मूठ त्यांच्या हातात हलली. त्यांचा चेहरा उजळला. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी मूठ आवळली.

"सापडलं ना एकदाचं?" बायको म्हणाली. "मग सांगा डॉक्टरांना, घेतो म्हणून."

"पहिल्या फेरीत?"

"मग चहा घ्या आणि दुसरी फेरी करा!"

"अगं, चहा कपाटाला पुरतो. ही केवढी मोठी वस्तू. पुढच्या रविवारी बघू."

त्यांनी कागदावर अहवाल लिहिला. काय काय तपासलं ते दीड पान, आणि खाली, 'दोष एक. तिसऱ्या खणाची मूठ सैल होती, आवळली. नापास.' त्याखाली झोकात सही केली. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"मूठ सैल, म्हणून नापास?"

"आमची पद्धत आहे," नापासराव म्हणाले. पुढच्या रविवारची गोष्ट मात्र त्यांनी बोलून दाखवली नाही. पद्धत म्हटल्यावर ती सगळ्या जगाला ठाऊक असणारच, असं ते धरून चालले.

बायकोने खिडक्यांची मापं घेऊन ठेवली होती. सोमवारपासून ती पडदे शिवायला बसली.

गुरुवारी डॉक्टरांचा फोन आला. "काका, गाडीला गिऱ्हाईक मिळालं. तुमचा कागद दाखवला, खूश झाले. एवढं तपासून नुसती मूठ निघाली म्हणतात!"

"अहो पण डॉक्टर, आम्ही रविवारी येणार होतो."

"पण तुम्ही नापास लिहिलंय ना काका. सहीनिशी."

सही केली म्हणजे केली, हे वाक्य नापासरावांनी चौतीस वर्षं इतरांना ऐकवलं होतं. मग फोनवर एक बाई आल्या. "काका, आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही फक्त घ्या म्हणालात तर घेऊ. आतून काही लपलेलं नाही ना?"

एक 'आहे' म्हटलं असतं, तर गाडी रविवारपर्यंत जागची हलली नसती. समोर बायको सुई हातात धरून बघत होती. नापासरावांना तो सांधा आठवला.

"नाही," ते म्हणाले. "पास आहे."

त्यांनी फोन ठेवला. मग ते हळूच म्हणाले, "चुकलं माझं. पण ती मूठ सैल निघाली नसती ना..."

"ती मीच सैल केली होती. पर्समधल्या कात्रीच्या टोकानं."

"तू?"

"काहीतरी सापडल्याशिवाय तुमचा जीव थोडाच शांत होणार होता? तुमच्या कारखान्यातले लोकही तेच करायचे. दर कपाटाला एक स्क्रू, खास तुमच्यासाठी. निरोप समारंभात त्यांनीच मला सांगितलं."

नापासराव खाली बसले. खुर्ची ठोकायची राहूनच गेली.

"आणि आपल्या मोरीतला नळ? दर रविवारी सैल व्हायचा तो?"

ती उठली. शिवलेले पडदे टाकून देववेनात, म्हणून त्यातला एक तिने स्वयंपाकघराच्या खिडकीला लावला. गाडीच्या मापाचा पडदा, तो घराच्या खिडकीला चार बोटं आखूड पडला.

"कसा दिसतोय?" तिने पाठमोरीच विचारलं.

"पास," नापासराव घाईघाईने म्हणाले.

"आखूड आहे तो," ती म्हणाली, आणि खालच्या उघड्या फटीतून बराच वेळ बाहेर बघत राहिली.