अक्कांच्या मॅटाडोरची टाकी

"अर्ध्या तासाचं काम!" श्रीरंगने जाहीर केलं आणि बाह्या सरसावल्या. आता, ज्या माणसाने आयुष्यात सायकलची चेनसुद्धा स्वतः बसवलेली नाही, तो 'अर्धा तास' म्हणतो तेव्हा सावध व्हायला हवं की नको? पण त्याची बायको मुग्धा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये अडकलेली, आणि घरमालकीण सकवारबाई समोर उभ्या राहून कौतुकाने मान डोलावत होत्या. अडवणार कोण!

पुण्याहून नोकरीसाठी आलेलं हे जोडपं मारतहळ्ळीत, काचेच्या उंच इमारतींच्या मागे, सकवारबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतं. सकवारबाई पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूच्याच. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. त्यांचे यजमान पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी एक जुनी मॅटाडोर घेऊन रविवारचे रविवार खपून तिचं फिरतं घर केलं होतं. घडीचा पलंग, ओटा, भांडी घासायला मोरीसुद्धा! नवराबायको त्यातून गोकर्ण, तुळजापूर, कुठंकुठं हिंडून आले. यजमान गेले आणि गाडी आवारात थांबली, ती पाच वर्षं.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, तिकडे गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांवरून नेतात. अक्का पाच वर्षं गल्लीतली माणसं जमवून मॅटाडोर ढकलून घेत होत्या. यंदा म्हैसूरहून मुलाचा, ध्रुवचा, फोन आला. "आई, पुरे झालं. पूजेच्या सकाळी भंगारवाला येईल, देऊन टाक."

"आणि चालली तर?"

"चालली तर ठेव!" असं म्हणून ध्रुव हसला. तो हसला ते अक्कांना लागलं, आणि अक्कांना लागलं ते श्रीरंगला लागलं. पूजा चार दिवसांवर होती.

श्रीरंगने नवी बॅटरी आणून लावली. इंजिन घरघरलं, पण पेटेना. काटा तर अर्धी टाकी डिझेल दाखवत होता! मग त्याने लागोपाठ अकरा व्हिडिओ पाहिले आणि निदान केलं: टाकीत गाळ साचलाय. टाकी उतरवायची, धुवायची, परत चढवायची. चार बोल्ट, दोन पट्टे. अर्धा तास!

तो गाडीखाली शिरला. सतरा नंबरचा पाना बसेना. एकोणीसचा बसेना. बावीसचाही बसेना! शिवाय बोल्टला कोपरेच नव्हते, नुसता गुळगुळीत गोळा.

"हे परदेशी माप आहे," श्रीरंग खालूनच म्हणाला.

माप घ्यायचं कसं? श्रीरंग हुशार. मुग्धाने मळून ठेवलेल्या कणकेचा गोळा त्याने पळवला, बोल्टवर दाबून ठसा घेतला आणि डब्यात घालून थेट बेंगळुरूतलं शिवाजीनगर गाठलं. हत्यारांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या अण्णांनी चष्मा पुसून कणीक सगळ्या बाजूंनी पाहिली.

"सर, या मापाचा पाना नाही. या मापाचा वडा आहे, समोरच्या हॉटेलात."

संध्याकाळी श्रीरंग दोन भलेमोठे पाने, गंजावरचा स्प्रे आणि एक वडा घेऊन परतला. पाने उपयोगी पडले नाहीत. स्प्रेही नाही. रात्री मुग्धाने चपात्यांच्या जागी ब्रेड वाढला.

तिसऱ्या दिवशी त्याने जालीम उपाय काढला. टाकीला दोर बांधायचा, दुसरं टोक आपल्या नव्याकोऱ्या गाडीला, आणि द्यायचा हिसडा! मुग्धा गॅलरीतून ओरडली, "अरे, असलं काही करू नकोस!" पण तोवर त्याने पाय दाबला होता.

टाकी हलली नाही. अख्खी मॅटाडोर निघाली! वाटेत तिने अक्कांची वाळणाची दोरी सात लुगड्यांसकट अंगावर घेतली. घाबरून श्रीरंगने ब्रेक मारला. मॅटाडोरने कुठला मारायला! ती नटूनथटून आली आणि नव्या गाडीच्या पाठीत धाडकन बसली. मागचा दिवा फुटला, डिकी आत गेली, टाकी मात्र जागच्या जागी.

आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या. "अय्यो! काय चाललंय, श्रीरंगा?"

"अक्का, बोल्ट... बोल्ट फिरत नाहीयेत हो," श्रीरंग रडायचाच बाकी होता.

"स्वल्प थांब." अक्कांनी लुगड्याचा काचा मारला आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी सरळ गाडीखाली आडव्या झाल्या. मग खालून हसूच ऐकू यायला लागलं. "अरे वेड्या, हा बोल्ट कुठाय? हा रंग आहे! दर आयुधपूजेला आमचे हे गाडीला नवा रंग द्यायचे. वरून, खालून, जिथं ब्रश पोचेल तिथं. तीस वर्षं! जा, गरम पाणी आण, आणि माझं उलथणं."

श्रीरंग पळत गेला. अक्का उलथण्याने हलक्या हाताने एकेक थर सोडवायला लागल्या.

"हा मोरपंखी, गोकर्णला गेलो ते वर्ष. हा पिवळा, ध्रुव म्हैसूरला गेला तेव्हाचा. हा काळा..." त्यांनी काळी खपली बाजूला टाकली. "ध्रुव दहावीला नापास झाला. हे रागात होते."

तीस रंगांच्या तळाशी तेरा नंबरचा बोल्ट निघाला. कारखान्यातून काल आल्यासारखा लखलखीत, गंजाचा ठिपका नाही! श्रीरंगला भरून आलं. काय माणूस असेल! जिथं कुणाची नजर पोचणार नाही तिथंही तीस वर्षं हात मारत राहिला. आणि काय ही बाई, नवऱ्याच्या हातचं सगळं वर्षावार पाठ! त्याने पाना लावला. बोल्ट लोण्यातून यावा तसा आला. चारही आले, आणि टाकी अलगद त्याच्या छातीवर उतरली. अगदी हलकी.

त्याने हलवून पाहिली. आत काहीच डुचमळेना. "अक्का, ही रिकामी आहे!"

"असणारच की. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ह्यांनीच डिझेल काढून ठेवलं. म्हणाले, उभ्या गाडीत डिझेल खराब होतं."

"पण काटा अर्ध्यावर आहे!"

"तो पंचवीस वर्षं अर्ध्यावरच आहे."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठं?" अक्का म्हणाल्या. "एवढे व्हिडिओ बघत होतास, म्हटलं पोराला सगळं ठाऊक असणार."

टाकी परत चढली. डिझेल भरलं. अक्कांनी हातपंप मारमारून नळीतली हवा काढली, आणि पूजेच्या सकाळी मॅटाडोर अशी गरजली की गल्ली दाराशी आली! झेंडूच्या माळा चढल्या, लिंबं लागली. इस्त्रीचा कुडता घातलेला श्रीरंग ऐटीत ड्रायव्हरच्या जागी बसला, आणि त्याने खाली पायांकडे पाहिलं. क्लच! त्याची नवी गाडी बिनक्लचची, क्लच सोडून त्याला सहा वर्षं झालेली. गाडी एकदा बंद पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा तर लिंबालाही कळलं असेल.

"सरी, असू दे, उतर बाळा," अक्का प्रेमाने म्हणाल्या.

त्या चढल्या. गिअर टाकला. फट्, फट्, फट्, फट्! चारी लिंबं फुटली, आणि अक्का फाटकातून बाहेरच पडल्या. मुग्धा केव्हाच त्यांच्या शेजारी जाऊन बसली होती. गल्लीतली माणसं टाळ्या वाजवत गाडीमागे धावली. श्रीरंगनेही वाजवल्या, हात दुखेपर्यंत, अगदी मनापासून.

आवार रिकामं झालं. तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. उतरलेल्या माणसाने आवारात उभ्या एकुलत्या एका गाडीभोवती फेरी मारली, फुटका दिवा पाहिला, दबलेली डिकी चाचपली आणि सहानुभूतीने विचारलं, "ध्रुवसरांनी सांगितलं ती भंगार गाडी हीच ना, सर?"

श्रीरंग दबलेल्या डिकीला पाठ लावून उभा राहिला.

"नाही हो," तो हळूच म्हणाला. "पण हिचा मागचा दिवा मिळेल का तुमच्याकडे?"