फुसाएताईंचे गुडघे

मोरिवाकींच्या न्हाणीघरात भिंतीला बसायची फळी लावायची ठरली ती फुसाएताईंच्या गुडघ्यांसाठी. त्या गुडघ्यांना अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. सत्तरीतही ते ठणठणीत होते. परसातल्या पर्सिमनच्या झाडावर फुसाएताई अजून शिडी लावून चढत आणि रोज सकाळी गावच्या मैदानावर गेटबॉल खेळत. लाकडी हातोड्याने टोलवून चेंडू कमानीतून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. यंदा संघ जिल्ह्याच्या सामन्यांना निघाला होता आणि ताईंना दुसरं काही सुचत नव्हतं.

गुडघे गेले होते ते त्यांच्या यजमानांचे. शिगेहारूसाहेब पाणीपुरवठा विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते, घरातली प्रमुखी मात्र चालूच होती. संध्याकाळची पहिली आंघोळ त्यांची. गरम पाण्याच्या टबात उतरण्याआधी वीतभर उंचीच्या स्टुलावर बसून ते अंग घासत, आणि हल्ली त्या स्टुलावरून त्यांना उठता येत नसे. मग आतून खोकला ऐकू येई. फुसाएताई चिरायचा मुळा तसाच टाकून धावत, काखेत हात घालून त्यांना उभं करत. साहेब म्हणत, "जमीन निसरडी झालीय. नीट पुसत जा जरा."

मुलगा तोमोनारी नागोयाहून आला, त्याने हे पाहिलं आणि आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबांसाठी म्हटलं तर ते फळी लावू देणार नाहीत. आपण तुझे गुडघे दुखतात असं म्हणू."

"माझे का? तुझे दुखू देत की."

"समजून घे ना, आई. बाबांचा मान राहील."

उभा जन्म त्या मानाच्या चाकरीत गेला होता, त्यात आता दोन गुडघे गेले.

साहेबांनी मात्र मोठ्या मनाने कारभार हाती घेतला. प्लास्टिकची फळी बघून नाक मुरडलं. "हे दवाखान्यातलं सोंग माझ्या घरात नको. हिनोकीचं लाकूड हवं, वासाचं. आणि काम झालं की घडी घालून भिंतीला लागली पाहिजे. आल्यागेल्याला दिसायला नको." मग बायकोकडे वळून मायेने म्हणाले, "अगं, वय झालं की कबूल करायला शिकावं माणसानं."

फुसाएताई शिडी उचलून पर्सिमन काढायला गेल्या.

तोगावा सुतार आला. त्याने भिंतीवर टकटक केलं. भिंत पोकळ निघाली, तेव्हा आतून जाड फळ्यांचा आधार द्यायला हवा होता. "एकदा बसवली की बसवली हां. मग वरखाली व्हायची नाही. उंची किती ठेवू?"

"थोडी उंचच लावा," फुसाएताई घाईघाईने म्हणाल्या.

"उंच? तुझे पाय लोंबकळतील!" साहेब गरजले. "जिच्यासाठी फळी, तिचंच माप घ्या."

ताई उंचीने जेमतेम. तोमोनारीने छताकडे पाहिलं, तोगावाने ताईंच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप धरला आणि फळी त्या मापाने लागली. डिंक सुकेपर्यंत खिडकी उघडी ठेवा, असं सांगून तो गेला.

इकडे साहेब कुत्र्याला फिरवताना भेटेल त्याला सांगत होते, "घरात फुसाएचे गुडघे गेलेत. चालायचंच." शेजारून आल्याचं लोणचं आलं. मागोमाग गेटबॉल संघाच्या कप्तान होरिगोमेताई कमरेत वाकून दारात उभ्या राहिल्या.

"फुसाएताई, खूप वर्षं घाम गाळलात. आता निवांत राहा. तुमच्या जागी कुराहाशीबाईंना घेतलंय. अजिबात काळजी करू नका."

"अहो, पण मला काही झालेलं..."

"ती कबूल करणार नाही," मागून साहेब म्हणाले. "फार मानी आहे."

आपल्या भल्यासाठी कुणी आपल्याला हाकललं, तर आभार मानण्याखेरीज गत्यंतर नसतं. ताई वाकल्या, आभार मानले आणि आत जाऊन मुळ्यावर सुरी चालवत राहिल्या. त्यांना मनापासून रडू येत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी साहेब "फळी तपासतो" म्हणून न्हाणीघरात गेले. ताईंच्या मापाची फळी, साहेबांचे लांब पाय. गुडघे पार छातीशी आले. जरा वेळाने खोकला ऐकू आला, मग आणखी मोठा. ताई सावकाश दाराशी गेल्या.

"काय झालं?"

"काही नाही. मजबूत आहे फळी. हात दे."

"मी? माझे गुडघे गेलेत ना."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? गावभर तुम्हीच सांगितलंत. उचलायला आले आणि मीच पडले तर? तोगावाला बोलावते."

"अगं, मी उघडा आहे!"

"मग होरिगोमेताईंना बोलावू?"

साहेबांना दोन शिंका आल्या. आणि मग पाणीपुरवठा विभागालाही कधी ऐकू गेला नसेल असा आवाज लागला.

"तुझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय! माझे गेलेत, माझे! दोन्ही! उठताच येत नाही मला! आता तरी ये ना गं!"

त्या शेवटच्या "गं"ने ताई विरघळल्या. आत जाऊन त्यांनी साहेबांना एका दमात उभं केलं, पंचा गुंडाळला आणि उघड्या खिडकीकडे त्यांचं लक्ष गेलं. खिडकी गल्लीवर होती. गल्लीत होरिगोमेताई उभ्या होत्या, हातात आजाऱ्यासाठी आणलेलं खरबूज आणि कानाच्या पाळ्या लालबुंद.

फुसाएताई दाराशी गेल्या. दोघी एकमेकींपुढे वाकल्या.

"मी काही म्हणजे काहीच ऐकलं नाही हं," होरिगोमेताई म्हणाल्या. "उद्या सरावाला येताय ना?"

"पण कुराहाशीबाई? त्यांना काय वाटेल?"

"त्यांना बरी दुखवीन मी? सगळ्यांना सांगते, त्यांचे गुडघे दुखताहेत."

फुसाएताईंनी खरबूज हातात घेतलं आणि क्षणभर विचार केला.

"एकच गुडघा सांगा," त्या म्हणाल्या. "दोन्ही म्हणालात तर उद्या बिचारीच्या घरी सुतार पोचेल."